जेथ्रो टल पुन्हा पहिल्यापासून : २४ अल्बमच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

सुरुवात केली एकदाची. तीन-चार वर्षं नुसतं बोलणंच चालू होतं की जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचे सगळे स्टुडिओ अल्बम ओळीने ऐकायचे, एकही गाणं न गाळता, आणि मार्चमध्ये चोविसावा आला तेव्हा दादा म्हणाला आता नाही केलं तर राहूनच जाईल. चौघं आहोत. मी पुण्यात, चुलतभाऊ म्हणजे दादा सिन्नर तालुक्यात शेती करतो, मामा डोंबिवलीला, आणि कॉलेजची मैत्रीण जी आता इंग्लंडात ल्यूटनला असते. १९६७ च्या डिसेंबरात हा बँड जमला तो ल्यूटनलाच, आणि हे तिला तिथे राहायला जाऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं.

नियम असे. अल्बम दोनदा ऐकायचा, एकदा हेडफोनवर एकदा स्पीकरवर, मधे फोन बघायचा नाही. रविवारी रात्री साडेनऊला कॉल, तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच. लाइव्ह आणि कलेक्शन धरायचे नाहीत. बँडचा गायक आणि बासरीवाला इयन अँडरसन, त्याचे सोलो पण नाहीत, त्यावर मामा नाराज आहेत. नोंदी मी ठेवायच्या.

आजचा 'दिस वॉज', १९६८. हा अजून ब्लूज बँड आहे, गिटारवर मिक एब्राहम्स, आणि तो एकच अल्बम करून गेला कारण त्याला ब्लूजच वाजवायचं होतं. जॅझवाल्या रोलंड कर्कची एक धून यात आहे आणि बासरीत गुणगुणत फुंकायची ती सवय अँडरसनने तिथूनच उचलली. दुसऱ्यांदा ऐकताना मला जाणवलं की बासरी त्याच्या हातात येऊन तेव्हा वर्षसुद्धा धड झालेलं नव्हतं. फेंडर गिटार देऊन बदल्यात बासरी आणि एक माइक घेतला होता त्याने, आणि ती गिटार आधी लेमीची होती, तोच पुढे मोटरहेडवाला.

कॉलवर अर्धा तास नावावरच गेला. मूळ जेथ्रो टल हा इंग्लंडातला शेतकरी, १७०१ च्या सुमारास घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र बनवलं त्याने. बँड तेव्हा क्लबमध्ये परत बोलावणं यावं म्हणून दर थोड्या दिवसांनी नाव बदलायचा, एजंटच्या ऑफिसातल्या इतिहासाची आवड असलेल्या एकाने हे नाव सुचवलं आणि ज्या आठवड्यात हे नाव होतं त्याच आठवड्यात लंडनच्या मार्की क्लबने परत बोलावलं, म्हणून ते टिकलं. दादा म्हणाला म्हणजे बँडचं नाव पाभर. मी म्हटलं पाभर नाही, पाभर बनवणारा. तर म्हणाला आमच्याकडे पाभर सुताराने बनवली, त्याचं नाव कोण ठेवतंय कुठल्या बँडला. आणि खरंच आहे, तिफण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती, चाड्यावर मूठ धरून बी सोडत जायचं, फणातून सरळ तासात. टलच्या यंत्रात ती मूठ धरायचं काम खाचा पाडलेलं एक फिरतं दांडकं करायचं. आणि हे मला आज पहिल्यांदा कळलं की ती कल्पना त्याला चर्चमधल्या ऑर्गनच्या आतल्या रचनेवरून सुचली होती, म्हणजे पेरणीयंत्र वाद्यावरून आणि बँड पेरणीयंत्रावरून!

८ जून

'स्टँड अप', १९६९. गिटारवर मार्टिन बार आला आणि सगळं उघडलं. ब्रिटनमध्ये हा पहिल्या नंबरवर गेला होता. 'बुरे' म्हणजे बाखची ल्यूटसाठी लिहिलेली चीज, अँडरसनच्या खोलीच्या खाली राहणारा कुणी विद्यार्थी तीच तीच वाजवत बसायचा त्यामुळे डोक्यात बसली असं तो सांगतो. मधला ग्लेन कॉर्निकचा बेस सोलो मी आजपर्यंत नीट ऐकलाच नव्हता, स्पीकरवर तो कळत नाही, हेडफोनवर बाखची धून आणि बेस दोघं शेजारी शेजारी चालताना ऐकू येतात.

मामांकडे याचा एलपी आहे, कव्हर उघडलं की बँडचे चौघे कागदातून उभे राहतात, लहान मुलांच्या पुस्तकात असतं तसं. व्हिडिओवर उघडून दाखवला त्यांनी. एकाची मान दुमडलेली आहे पण उभा राहतो.

१५ जून

'बेनिफिट', १९७०. चांगलाय, पण चौघांनाही फार बोलायचं नव्हतं. गिटार जाड झालीय, जॉन एव्हनचा पियानो आला. चंद्रावर न उतरलेल्या मायकल कॉलिन्सवरचं गाणं दादाला आवडलं, दोघं खाली उतरले आणि हा एकटा वर फिरत राहिला, त्याच्यावर कोण गाणं लिहितं.

२२ जून

'ॲक्वालंग', १९७१. याची सगळ्यात जास्त वाट बघत होतो आणि याच्यावरच सगळ्यात जास्त भांडलो.

मामा कॅसेटवरच ऐकणार म्हणाले, ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली, ते दुकान बंद होऊनही आता किती वर्षं झाली. मी आणि मैत्रिणीने स्टीव्हन विल्सनचा २०११ चा रिमिक्स ऐकला. फरक जबरदस्त आहे. मूळ रेकॉर्डिंग चिखलात बसल्यासारखं वाटतं आणि अँडरसन स्वतःही त्या आवाजावर खूश नव्हता. लंडनमध्ये एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता, आयलंड या रेकॉर्ड कंपनीचा, तिथे हे वरच्या मोठ्या खोलीत आणि खालच्या खोलीत त्याच वेळी लेड झेपेलिन त्यांचा चौथा अल्बम करत होते. बार टायटल गाण्यातला सोलो वाजवत असताना जिमी पेज काचेपलीकडे येऊन हात हलवायला लागला, आणि हा हात हलवून उत्तर देऊ शकत नाही कारण टेक चालूय. तो सोलो एकाच दमात झालेला आहे, आज चारदा ऐकला.

मामांचं म्हणणं असं की तो चिखल पाहिजेच. बाकावर बसलेला, खोकणारा, कपडे फाटलेला म्हातारा आहे तो, त्याला धुवून पुसून कशाला उभा करताय. यावर मला काही बोलता आलं नाही. अँडरसनच्या तेव्हाच्या बायकोने, जेनीने, लंडनमधल्या बेघर लोकांचे फोटो काढले होते आणि त्या फोटोंवरून दोघांनी मिळून टायटल गाण्याचे शब्द लिहिले, त्यामुळे हा माणूस कुठून तरी खरा आलेला आहे. मधे आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा होतो तिथे रिमिक्सपेक्षा मामांची कॅसेट जास्त लागते, हे मला मान्य करावं लागेल.

अजून एक. हा कॉन्सेप्ट अल्बम आहे असं सगळे म्हणतात आणि अँडरसन पन्नास वर्षं नाही म्हणतोय. सलग ऐकला तर त्याचंच बरोबर वाटतं. दुसरी बाजू देवळाच्या, म्हणजे चर्चच्या दुकानदारीवर आहे, पहिली रस्त्यावरच्या माणसांवर, बास.

२५ जून, बुधवार

मामांच्या कॅसेटी मी डिजिटल करून देणार असं कबूल करून बसलोय. एकूण ११ आहेत. डेक माळ्यावरून काढला तर बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला. नवीन बेल्ट घातला, पुलीवरचा जुना चिकटा कापसाने आणि स्पिरिटने काढायलाच दोन तास गेले. हेड आणि रबरी रोलर साफ केला. 'ॲक्वालंग' लावली तर आवाज बोथट, मग हेडचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवत फिरवत झांजेचा आवाज उघडा होईपर्यंत कान लावून बसलो. दोन कॅसेटींना बुरशी आहे, त्या या हवेत चालवायच्या नाहीत, ऑक्टोबर हीट येईपर्यंत डब्यात सिलिका जेल टाकून ठेवल्यात.

६ जुलै

आज आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाऊन कॉलला बसलो.

'थिक ॲज अ ब्रिक', १९७२, याला मुद्दाम दोन आठवडे घेतले. पावणे चव्वेचाळीस मिनिटांचं एकच गाणं, एलपीवर उलटायला लागायचं म्हणून मधे तुटलेलं. 'ॲक्वालंग'ला सगळे कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात ना, मग घ्या, असं म्हणून त्याने कॉन्सेप्ट अल्बमची थट्टा करायला घेतली आणि थट्टेतून हे निघालं. आठ वर्षांच्या जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या खोट्या मुलाची कविता, आणि कव्हर म्हणजे १२ पानांचं गावचं वर्तमानपत्र, बातम्या, जाहिराती, शब्दकोडं सगळं. ते वर्तमानपत्र करायला संगीतापेक्षा जास्त वेळ लागला म्हणे.

काम कसं व्हायचं हे वाचून मला फार बरं वाटलं. अँडरसन सकाळी थोडं लिहायचा, दुपारी बँडला नेऊन द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. म्हणजे एवढं मोठं गाणं त्यांनी रोज थोडं थोडं वाढवत नेलं. बॅरीमोर बार्लो नवीन ड्रमर, तो या अल्बमचा कणा आहे. लय कितीदा बदलते ते मोजायचा दादाने प्रयत्न केला आणि बाराव्या मिनिटाला सोडला, म्हणाला मोजायला लागलो की ऐकणं बंद होतंय.

मैत्रिणीचा मुद्दा महत्त्वाचा होता. सुरुवातीची ती साधी गिटारची धून शेवटी परत येते तेव्हा शब्द तेच असतात पण मधे पाऊण तास गेलेला असतो, त्यामुळे तेच शब्द थकलेले वाटतात. मी हा अल्बम २५ वर्षं ऐकतोय आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं कारण मी नेहमी पहिली बाजूच ऐकायचो.

१३ जुलै

'अ पॅशन प्ले', १९७३. फ्रान्सच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत आधी वेगळाच अल्बम अर्धा झाला होता, सगळे आजारी पडले, वैतागून परत आले आणि जवळपास सगळं टाकून नव्याने हे लिहिलं. समीक्षकांनी तेव्हा फाडून खाल्लं, अमेरिकेत तरीही पहिल्या नंबरवर गेला.

मत दोन-दोन पडलं. दादा आणि मामा म्हणतात गुदमरायला होतं. मला आणि मैत्रिणीला हा 'ब्रिक'पेक्षा खोल वाटला, मेलेल्या माणसाचा मेल्यानंतरचा प्रवास आहे आणि त्यात हसू येणारी जागा फार कमी. बासरी कमी, सोप्रानो सॅक्सोफोन जास्त. मधली चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट मात्र चौघांनाही नको होती. पण नियम म्हणजे नियम, गाळली नाही.

२० जुलै

'वॉर चाइल्ड' (१९७४) आणि 'मिन्स्ट्रेल इन द गॅलरी' (१९७५) एकत्र. पहिला ठीक. दुसरा मोंटे कार्लोला फिरत्या स्टुडिओत केलेला, आणि एकटा माणूस खोलीत गिटार घेऊन बसलाय असा वाटत राहतो, मागे तंतुवाद्यं असली तरी. 'बेकर स्ट्रीट म्यूज' सोळा मिनिटांचं आहे आणि लंडनच्या एका रस्त्यावरून तो नुसता चालत जातो. हा अल्बम कुणी फारसं नाव घेत नाही त्यातला आहे, माझ्या यादीत तो आज बराच वर गेला.

२७ जुलै

'टू ओल्ड टू रॉक अँड रोल', १९७६. एकदाच ऐकला मी, नियम मोडला, कबूल. जॉन ग्लासकॉक बेसवर आला ही यातली मोठी गोष्ट. पुढचे तीन अल्बम बोलावतायत.

१० ऑगस्ट

'साँग्ज फ्रॉम द वुड', १९७७. दोन आठवडे हाच लावतोय.

मी कॉलेजात असताना जे कॅसेटवाले सिनियर होते ते सांगायचे टल १९७२ ला संपला. आम्हीही तेच पुढच्यांना सांगत राहिलो. आणि आता ओळीने ऐकत आल्यावर मला वाटतंय की खरा टल इथे सुरू होतो, इथपर्यंत तो जागा शोधत होता. अँडरसन शहर सोडून खेड्यात राहायला गेला होता, कुणीतरी त्याला ब्रिटनमधल्या लोककथांचं जाडजूड पुस्तक भेट दिलं होतं, आणि बाहेर १९७७ म्हणजे पंकचं वर्ष, तेव्हा हा माणूस झाडं, हिवाळ्यातली शेकोटी, गवतातून डोकं काढणारा हिरवा बुटका असल्या गोष्टींवर गातोय. 'जॅक इन द ग्रीन'मध्ये सगळी वाद्यं एकट्याने वाजवलीत. आणि सुरुवातीला नुसते आवाज, वाद्यं नाहीतच, एकावर एक रचलेले. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

'व्हेल्वेट ग्रीन' दादाने आठ वेळा ऐकलं. डेव्हिड पामर यात मांडीवर घेऊन वाजवायचा छोटा ऑर्गन वाजवतो, बार्लो ड्रमवर दिसेल ते वाजवतो, आणि लय सतत घसरते पण पाय चुकत नाही. दादा म्हणाला नांगरलेल्या रानातून चालताना असंच होतं, ढेकळावर पाऊल पडेल तशी चाल बदलते. मी हे नोंदीत लिहिणार म्हटल्यावर म्हणाला लिही.

पुढचा 'हेवी हॉर्सेस' खरं तर १७ तारखेला यायला हवा होता. दादाने सांगितलं थांबा, पोळ्याला ऐकू, गावाला या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

मामा डोंबिवलीहून, मी पुण्याहून, दोघंही सकाळी सिन्नरला पोचलो. मैत्रीण सुट्टी काढून तिकडे दुपारीच फोनवर.

दादाकडे आता एकच जोडी आहे. आजोबांच्या वेळी तीन होत्या. खांदेमळणी काल झाली, आज सकाळी ओढ्यावर धुतले, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गोंडे. पेरणी गेली १४ वर्षं ट्रॅक्टरनेच होते, बैल कोळपणीपुरते आणि दादाच्या हट्टापायी. मिरवणूक आटोपून, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून, बैलांना भरवून झालं आणि चार वाजता गोठ्यासमोरच्या पडवीत स्पीकर मांडला.

'हेवी हॉर्सेस', १९७८. कव्हरवर अँडरसन दोन अजस्र घोडे धरून उभा आहे. टायटल गाणं नऊ मिनिटांचं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये नांगराला हेच घोडे असायचे, सफोक, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन, शायर, प्रत्येक जातीचं नाव घेऊन तो गातो, आणि ट्रॅक्टर आल्यावर ते कसे एकेक कमी होत गेले ते सांगतो. हा बँड एका पेरणीयंत्राच्या माणसाच्या नावावर चालतो आणि दहा वर्षांनी त्या यंत्राला जुंपलेल्या जनावरावर गाणं करतो. १ जूनला नावावरून अर्धा तास बोललो तेव्हा हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणी बोललं नाही. मग दादाने मला ओळ ओळ मराठीत सांगायला लावली, इंग्रजी त्याला येतं पण काकू शेजारी बसल्या होत्या. एका ठिकाणी तो म्हणतो की पुढे कधीतरी तेल संपेल, रात्री थंड पडतील आणि तेव्हा लोक तुझ्याच दाराशी येतील, तुझी ताकद मागायला. काकू म्हणाल्या, डिझेल नव्वदच्या वर गेलं तेव्हाच मी ह्याला बोलले होते बैल विकू नको. आणि त्या उठून आत गेल्या, त्यांना पुढचं ऐकायची गरज वाटली नाही.

संगीताबद्दल लिहायचं तर, मधे गाणं थांबून नुसता पियानो आणि आवाज राहतो आणि मग डॅरिल वेचं व्हायोलिन घेऊन सगळं दौडत परत येतं, ते दौडणं खऱ्या टापांच्या वजनाचं आहे, हलकं नाही. बार्लो बेसड्रम असा मारतो की जमीन कळते. हे हेडफोनवर मला इतक्या वर्षांत एवढं लागलं नव्हतं, समोर रंगवलेली शिंगं आणि पडवीची शेणाने सारवलेली जमीन होती म्हणूनही असेल, पण गाण्यात ते मुळात आहे म्हणूनच लागलं.

बाकी अल्बममध्ये रात्री उंदरांवर पहारा देणारी मांजरं आहेत, दिव्यावरचे पतंग आहेत, वाऱ्याचा कोंबडा आहे. मामांनी 'मॉथ्स' तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. रात्रीच्या एसटीने परत.

३१ ऑगस्ट

बाहेर गणपतीचे स्पीकर, त्यामुळे दोन्ही वेळा हेडफोनवरच. 'स्टॉर्मवॉच', १९७९.

पहिलंच गाणं उत्तर समुद्रातल्या तेलावर. गेल्या अल्बममध्ये तेल संपेल म्हणाला आणि इथे ते काढतानाचा गोंधळ. तेव्हा अँडरसनने स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जमीन घेतली होती, पुढे सामन माशांची शेतीही केली, आणि 'डन रिंगिल' हे तिथल्याच समुद्रकाठच्या जुन्या पडक्या किल्ल्याचं गाणं आहे. दोन गिटारी, आवाज आणि वारा, तीन मिनिटांच्या आत संपतं.

पण हा अल्बम ऐकताना मला ग्लासकॉक दिसत राहतो. हृदयाचा आजार होता, रेकॉर्डिंगमध्ये तो मोजक्याच गाण्यांवर आहे, बाकी बेस अँडरसनने स्वतः वाजवला. १७ नोव्हेंबर १९७९ ला तो गेला, २८ वर्षांचा होता. त्यानंतर बार्लोने बँड सोडला, एव्हन आणि पामरही बाहेर पडले, उरले अँडरसन आणि बार. शेवटची बिनशब्दांची 'एलिजी' पामरने आपल्या वडिलांसाठी लिहिलेली, पण आता ती या सगळ्या बँडसाठीच वाजतेय असं वाटतं. कॉलवर मामा म्हणाले आज चर्चा नको. पंधरा मिनिटांत ठेवला.

७ सप्टेंबर

'ए' (१९८०) मुळात सोलो होता, टेपांच्या डब्यांवर अँडरसनचं म्हणून नुसतं 'ए' लिहिलं होतं, कंपनीच्या दबावामुळे टलच्या नावाने आला. एडी जॉबसनचे सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, चकचकीत. 'ब्रॉडस्वर्ड अँड द बीस्ट' (१९८२) त्याहून कितीतरी उबदार, सिंथ आणि लोकधून शेजारी नांदतायत, मैत्रिणीचा हा सगळ्यात आवडता.

१४ सप्टेंबर

'अंडर रॅप्स', १९८४. ड्रम मशीन. मला जमला नाही, दोनदा ऐकून सांगतोय. गाणी वाईट नाहीत, पण बार्लोच्या हातांनंतर ते मशीन ऐकवत नाही. आणि एवढ्या वरच्या पट्टीत ही गाणी गाताना दौऱ्यावर अँडरसनचा गळा फुटला, शो रद्द करावे लागले, तो वरचा आवाज परत आलाच नाही. यापुढचं सगळं ऐकताना हे लक्षात ठेवायचं असं आम्ही ठरवलं. तो आता कमी जागेत गातोय.

२१ सप्टेंबर

'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह', १९८७. याला १९८९ मध्ये हार्ड रॉक/मेटलचं ग्रॅमी मिळालं, मेटालिकाला हरवून, आणि बँड तिथे हजरच नव्हता कारण मिळायची शक्यता नाही असं कंपनीने सांगितलेलं. या बक्षिसाच्या गोष्टीखाली अल्बम गाडला गेलाय हे मला मनापासून लागतं. लोक त्याला विनोद म्हणून ओळखतात आणि 'बुडापेस्ट' ऐकतच नाहीत. दहा मिनिटं तो खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलत, गातो आणि बासरी जे गळ्याला जमत नाही ते करते.

आणि 'फार्म ऑन द फ्रीवे'. शेतकऱ्याची जमीन महामार्गात जाते, हातात पैसा येतो, ट्रक उरतो, रान उरत नाही. दादाचा कॉल आज उशिरा लागला. त्यांच्या तालुक्यातून समृद्धी गेलाय, इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा याच जूनमध्ये उघडला. दादाची जमीन गेली नाही, त्याच्या सासरची गेली. मोबदला बरा मिळाला, घर झालं, गाडी झाली. म्हणाला, सासरे रोज संध्याकाळी पुलावर जाऊन उभे राहतात, खाली विहीर कुठे होती ते दाखवतात. मी विचारलं गाणं त्यांना ऐकवलंस का. म्हणाला ऐकवण्यात काय आहे, त्यांना पाठ आहे ते.

२८ सप्टेंबर

'रॉक आयलंड' (१९८९), 'कॅटफिश रायझिंग' (१९९१). दोन्ही ऐकले. पहिल्यातलं टायटल गाणं ठेवावं, दुसऱ्यातलं मँडोलिन.

५ ऑक्टोबर

'रूट्स टू ब्रांचेस', १९९५. यावर मामा बोलणार हे ठरलेलंच होतं. १९९४ ला बँड मुंबईत आला तेव्हा धोबी तलावच्या रंगभवनात ते होते. उघडं थिएटर, शेजारी झेवियर्स, आता तिथे असले कार्यक्रम होत नाहीत. मामा सांगतात की एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा अँडरसन फोटोत बघून झालेला होता, पण बासरीत फुंकताना तो जो श्वास ओढायचा त्याचा आवाज कुठल्याच कॅसेटवर आला नव्हता, तो तिथे पहिल्यांदा ऐकला.

अल्बमवर आपल्याकडचा आणि अरबी रंग आहे, पण वरून शिंपडलेला नाही. बासरीच बदललीय. झालं असं की नव्वदच्या सुरुवातीला अँडरसनची मुलगी बासरी शिकायला लागली आणि तेव्हा त्याला कळलं की आपण पहिल्यापासून बोटं चुकीची ठेवतोय. २० पेक्षा जास्त वर्षं जगभर वाजवून झाल्यावर तो पहिल्यापासून बोटं ठेवायला शिकला. 'व्हॅली' आणि 'ॲट लास्ट, फॉरएव्हर' ऐकताना ते कळतं, सूर सरळ लागतो, आधी तो धापेत लपायचा. पुढे त्याने हरिप्रसाद चौरसियांबरोबर एका मंचावर वाजवलं. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतला त्याचा कार्यक्रम हल्ल्यांमुळे होऊ शकला नाही, तर डिसेंबरात अनुष्का शंकरसोबत पीडितांच्या मदतीसाठी तो केला, परत निघून गेला नाही.

मामांच्या बुरशीवाल्या दोन कॅसेटींपैकी एक आज चालवली. पहिली पाच मिनिटं खरखर, मग ठीक. ११ पैकी १० झाल्या.

१२ ऑक्टोबर

'जे-टल डॉट कॉम' (१९९९), 'ख्रिसमस अल्बम' (२००३). दुसऱ्यात जुन्या काही गाण्यांना परत हात लावलाय आणि 'बुरे'पण आहे. ८ जूनचा 'बुरे' लगेच मागे लावला. १९६९ ला पोरगा बाखला ओढत नेतोय, इथे दोघं शेजारी बसलेत. मला पहिलाच जास्त आवडतो तरी.

२६ ऑक्टोबर

दिवाळीमुळे एक रविवार चुकला. आज शेवटचे तीन, आणि ल्यूटनला आजच घड्याळ मागे गेलं म्हणून मैत्रिणीकडे चारच वाजले होते.

'द झेलट जीन' (२०२२) यायला १८ वर्षांच्या वर मधे गेली, बार आता बँडमध्ये नाही, अर्धा अल्बम लॉकडाऊनमध्ये घरोघरी केलेला. 'रोकफ्लोटे' (२०२३) नॉर्स देवांवर. आवाज थकलाय, फुप्फुसाचा आजार आहे हे अँडरसनने स्वतःच सांगितलंय. मैत्रीण म्हणाली मला हे ऐकताना वाईट वाटतं. दादा म्हणाला वाईट कशाला, बोलतोय ना अजून.

'क्युरियस रुमिनंट', मार्च २०२५. सतरा मिनिटांच्या आसपासचं एक गाणं त्यात आहे, ७७ वर्षांच्या माणसाने परत एवढं लांब गाणं मांडलं. आवाज एका जागी बसून गोष्ट सांगणाऱ्याचा, बासरी मात्र नव्वदच्या सुरुवातीला नव्याने शिकलेली तीच, सरळ, स्वच्छ. मी तीनदा ऐकलं. काकूंनी फोनजवळ येऊन विचारलं नावाचा अर्थ काय. दादाने सांगितलं, रवंथ करणारा, पण चौकस. त्या म्हणाल्या, म्हणजे आपला धाकटा, तो खाताना पण इकडेतिकडे बघत असतो. धाकटा म्हणजे जोडीतला डावीकडचा बैल.

शिल्लक काम: मामांची अकरावी कॅसेट, बुरशी अजून आहे, कडक ऊन पडलं की बघू. 'पॅशन प्ले' दादाने परत ऐकायचं कबूल केलंय. आणि मामांनी सोलो अल्बमची यादी पाठवलीय, नऊ नोव्हेंबरपासून.